सी भरलेला, डी रिकामा

दहा-पंधरा वर्षांपूर्वी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतून सुटे भाग आणून जोडून घेतलेला संगणक ज्यांच्या घरात अजून चालू आहे, त्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल. ‘माय कॉम्प्युटर’ उघडलं की ओळीनं चार ड्राइव्ह: सी, डी, ई, एफ. सीची पट्टी लालभडक, म्हणजे मोकळी जागा दहा टक्क्यांच्याही खाली. डी अर्धा रिकामा. ईमध्ये गाणी आणि लग्नाच्या सीडीवरून उतरवलेले व्हिडिओ. एफमध्ये ‘न्यू फोल्डर’, ‘न्यू फोल्डर २’ आणि घरातून कधीच गेलेल्या प्रिंटरचा ड्रायव्हर. विंडोज म्हणतं जागा संपली. चारही ड्राइव्हची बेरीज केली तर जागा भरपूर आहे, पण ती हद्दीपलीकडे.

ही हद्द म्हणजे पार्टिशन. माझं मत आधीच सांगून टाकतो. जुन्या डिस्कवरची बहुतेक पार्टिशनं ज्या अडचणीपायी पाडली गेली ती अडचण केव्हाच मिटली आहे, त्यामुळे ती मोडायला हरकत नाही. पण मोडायला बसण्याआधी नुसत्या फाइली हलवूनच निम्मं काम होतं, आणि पुष्कळांना ते निम्मंच पुरतं.

हार्ड डिस्क आयबीएमच्या पीसीत आली ती मार्च १९८३ मध्ये, पीसी एक्सटी या मॉडेलबरोबर. क्षमता १० एमबी. आजच्या मोबाइलमधले दोन-तीन फोटो फार तर मावले असते. ए आणि बी ही अक्षरं फ्लॉपीनं आधीच अडवली होती, म्हणून हार्ड डिस्क सी झाली आणि फ्लॉपी गेल्यावरही सीच राहिली. त्याच वेळी आलेल्या डॉस २.० मध्ये ‘एफडिस्क’ नावाचा प्रोग्रॅम होता आणि डिस्कचे चार भाग करण्याची सोय होती. एवढ्याशा डिस्कचे चार भाग कशाला? तर एकाच यंत्रावर वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिम नांदाव्यात म्हणून. गाणी एकीकडे आणि हिशेब दुसरीकडे ठेवावेत असा विचार त्यामागे नव्हता.

डी, ई, एफची रांग लागली ती वेगळ्याच कारणानं. त्या काळच्या डॉसला एका ड्राइव्हमध्ये ३२ एमबीपलीकडे मोजता येत नसे. चाळीस एमबीची डिस्क घेतली तर वरचे आठ एमबी पडीक. म्हणून १९८७ च्या डॉस ३.३ मध्ये ‘एक्स्टेंडेड पार्टिशन’ आलं आणि त्याच्या पोटात डी, ई असे ‘लॉजिकल’ ड्राइव्ह पाडता येऊ लागले. पुढे मर्यादा २ जीबीवर गेली, पण तिथे दुसरी गोम निघाली. फॅट-१६ या पद्धतीत डिस्क क्लस्टर नावाच्या सारख्या आकाराच्या तुकड्यांत मोजतात आणि तुकड्यांची संख्या ६५ हजारांच्या आसपास संपते. ड्राइव्ह मोठा करायचा तर तुकडाच मोठा करावा लागतो. दोन जीबीच्या ड्राइव्हवर एक तुकडा ३२ केबीचा व्हायचा, आणि दोन ओळींचं पत्रसुद्धा ते ३२ केबी अडवून बसायचं. पाचशे एमबीच्या ड्राइव्हवर तेच पत्र ८ केबीत भागे. तेव्हा डिस्क बारीक कापणं हा खरोखरच हिशेबी शहाणपणा होता. १९९६ मध्ये फॅट-३२ आली, आणि विंडोज एनटीबरोबर १९९३ पासून असलेली एनटीएफएस ही पद्धत २००१ मध्ये एक्सपीमार्फत घरोघर पोचली. एनटीएफएसमध्ये १६ टीबीपर्यंतच्या ड्राइव्हलाही ४ केबीचा तुकडा चालतो. डिस्क कापण्याचं मूळ कारण तिथेच संपलं.

तरी आपल्याकडे चार ड्राइव्हची रीत पुढे बरीच वर्षं चालली, याचं श्रेय एक्सपीच्या काळातल्या व्हायरसांना आणि पेन ड्राइव्हना द्यावं लागेल. संगणक रखडू लागला की दुरुस्तीवाला यायचा, ‘फॉरमॅट मारून विंडोज टाकून देतो’ म्हणायचा आणि सी पुसून टाकायचा. डीवरचं सगळं सुखरूप. सोय चांगलीच होती. फक्त सीचा आकार त्या वेळच्या अंदाजानं ठरलेला होता. एक्सपीला दीड जीबी जागा पुरायची, म्हणून सीला वीस-तीस जीबी दिले की माणूस निर्धास्त. विंडोज ७ च्या ६४ बिट आवृत्तीनं २० जीबी मागितले, विंडोज १० नं पुढे ३२, आणि विंडोज ११ ची किमान मागणीच ६४ जीबीची आहे. सी लाल होतो तो असा.

या रिवाजातून एक घातक समजूत मात्र रुजली: ‘माझा बॅकअप डीवर आहे.’ सी आणि डी एकाच फिरत्या तबकड्यांवर असतात आणि त्या वाचणारी हेडंही एकाच दांड्याला बसवलेली असतात. दांडा अडकला, मोटर बंद पडली की चारही अक्षरं एकदमच जातात. डीवरची प्रत विंडोज बिघडल्यावर उपयोगी पडते, डिस्क बिघडल्यावर नाही.

या हद्दी नोंदलेल्या असतात कुठे? डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये, ५१२ बाइटांत, मास्टर बूट रेकॉर्ड असतं. त्यातले ४४६ बाइट संगणक सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमसाठी, शेवटचे दोन ओळखखुणेचे, आणि मधले ६४ बाइट म्हणजे पार्टिशनांचा तक्ता. प्रत्येक नोंद १६ बाइटांची, म्हणून नोंदी चारच. पाचवीला जागा नाही. भाग कुठून सुरू होतो, किती लांब आहे आणि कुठल्या जातीचा आहे, मुख्यतः एवढंच त्या नोंदीत असतं. हा डिस्कचा सातबारा समजा. पार्टिशन ‘डिलीट’ केलं की उताऱ्यावरची नोंद जाते. जमीन आणि तिच्यावरचं पीक जागेवरच राहतं. हे एकदा डोक्यात बसलं की पुढच्या दोन गोष्टी आपोआप कळतात: चुकून उडवलेलं पार्टिशन बहुधा परत का मिळतं, आणि पार्टिशन उडवून विकलेली डिस्क रिकामी का नसते.

नोंदीतला लांबीचा आकडा ३२ बिटांचा असतो. त्यामुळे ५१२ बाइटांचा सेक्टर धरला तर हा तक्ता २ टीबीच्या पुढे पोचत नाही. मोठ्या डिस्कसाठी आणि साधारण विंडोज ८ पासूनच्या यंत्रांवर जीपीटी हा नवा तक्ता वापरतात. विंडोज त्यात १२८ नोंदींची जागा ठेवतं आणि तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते. तुमची डिस्क खरोखर जुनी असेल तर तक्ताही जुनाच असण्याची शक्यता जास्त.

आता डिस्कचा नकाशा उघडू या. विंडोज १० मध्ये स्टार्टवर उजवी क्लिक केली की यादीत ‘डिस्क मॅनेजमेंट’ दिसतं; विंडोज ७ मध्ये ‘कॉम्प्युटर’वर उजवी क्लिक करून ‘मॅनेज’मध्ये जायचं. इथे रंग वाचता आले पाहिजेत, कारण सगळा घोळ तिथेच होतो. गडद निळी पट्टी म्हणजे प्रायमरी पार्टिशन. फिकट निळी म्हणजे लॉजिकल. हिरवी चौकट म्हणजे एक्स्टेंडेड, जिच्या पोटात लॉजिकल बसतात. काळी पट्टी म्हणजे कोणाच्याच नावावर नसलेली मोकळी जागा.

नेहमीचा प्रसंग असा. डीवरचं सगळं दुसरीकडे हलवलं, डी उडवला, आणि सीवर उजवी क्लिक करून पाहिलं तर ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ पुसटच. माणूस चक्रावतो, इंटरनेटवरून कुठलं तरी फुकट सॉफ्टवेअर उतरवतो आणि त्याच्याबरोबर नको ती भुतं घरात घेतो. कारण अगदी साधं असतं. डी उडवल्यावर उरलेली जागा काळी झालेलीच नसते. ती हिरवी असते, म्हणजे अजून एक्स्टेंडेडच्या पोटातच. ई आणि एफही रिकामे करून उडवले आणि शेवटी ती हिरवी चौकटही उडवली, तरच जागा काळी होते आणि सीला मिळते. दुसरी अट अशी की काळी जागा सीच्या लगेच उजवीकडे हवी. मध्ये दुसरा एखादा ड्राइव्ह शिल्लक असेल तर पलीकडची शंभर जीबी सीच्या काही कामाची नाही.

या नकाशात काही बिनअक्षराचे तुकडेही दिसतील. विंडोज ७ नं केलेला १०० एमबीचा ‘सिस्टिम रिझर्व्हड’. नव्या यंत्रांवर ‘ईएफआय सिस्टिम पार्टिशन’. शिवाय पाचशे एमबीच्या आसपासचं एखादं ‘रिकव्हरी पार्टिशन’. पहिल्या दोघांना हातच लावू नका. संगणक सुरू होतो तो त्यांच्यामुळे, आणि तिथून वाचणारी जागा शे-दोनशे एमबीची. रिकव्हरीचं थोडं निराळं आहे. विंडोजच्या एकावर एक आवृत्त्या चढवलेल्या डिस्कवर दोन-तीन रिकव्हरी पार्टिशनं साठलेली असतात आणि त्यातलं एकच कामाचं असतं. कुठलं, ते अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या हक्कानं उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये कळतं: इंग्रजीत ‘रीएजंट’ लिहायचं, त्याला लागून सी, आणि पुढे ‘/इन्फो’. बाकीची मेलेली. पण कामाचं असलेलं पार्टिशन फार आवळून ठेवू नये. जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० चं एक सुरक्षा अपडेट असंख्य संगणकांवर बसेना, कारण त्याला रिकव्हरी पार्टिशनमध्ये २५० एमबी मोकळे हवे होते आणि जुन्या संगणकांवर ते नव्हते.

हे सगळं वाचून हात शिवशिवत असतील तर जरा थांबा. आधी डिस्कची तब्येत. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हा जपानी बनावटीचा फुकट प्रोग्रॅम डिस्कनं स्वतः ठेवलेल्या नोंदी वाचून दाखवतो. त्यातले दोन आकडे महत्त्वाचे. ‘रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर’ म्हणजे खराब झालेले आणि राखीव जागेतून बदलून दिलेले सेक्टर. ‘करंट पेंडिंग सेक्टर’ म्हणजे वाचताना अडखळलेले, अजून निकाल न लागलेले. दुसरा आकडा शून्यावर नसेल, आणि विशेषतः आठवड्याभरात वाढत असेल, तर पार्टिशनांचा विचार सोडून द्या. पार्टिशन सरकवणं म्हणजे त्यातला डेटा उचलून पुन्हा लिहिणं. आजारी डिस्कला तेवढं निमित्त पुरतं. अशा डिस्कवरून जे हवं ते उतरवून घ्यायचं आणि तिला निवृत्त करायचं.

तब्येत ठीक असेल तर बॅकअप, दुसऱ्या डिस्कवर. इथे ‘माझं सगळं डीवर आहे, सीवर काही नाही’ हे वाक्य हमखास ऐकू येतं आणि ते बहुधा चूक असतं. डेस्कटॉपवरचा पसारा सीवरच असतो. आउटलुकची जुनी मेल सीवरच असते. दुकानाचा हिशेब टॅलीत असेल तर टॅलीचा डेटाही, मुद्दाम जागा बदलली नसेल तर, सीवरच. मराठी घरांत आणि छापखान्यांत आणखी एक गोष्ट विसरली जाते: फॉन्ट. युनिकोड रुळण्याआधी श्रीलिपी, आकृती, कृतिदेव असल्या फॉन्टांत टाइप केलेल्या मजकुरात प्रत्यक्षात रोमन अक्षरांचे आकडेच साठवलेले असतात. त्यांना देवनागरी रूप देतो तो फॉन्ट. तो विंडोजच्या ‘फॉन्ट्स’ फोल्डरमध्ये, म्हणजे सीवर. सी पुसला की डीवरची आजोबांच्या आठवणींची फाइल शाबूत राहते, पण उघडल्यावर निरर्थक रोमन अक्षरांचा सडा दिसतो. तेव्हा तो फोल्डर आधी कॉपी करून ठेवा, आणि जमल्यास अशा फाइली युनिकोडमध्ये बदलून घ्या.

आता तो निम्मा उपाय. ‘डॉक्युमेंट्स’, ‘पिक्चर्स’, ‘डाउनलोड्स’ यांपैकी कुठल्याही फोल्डरवर उजवी क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, त्यात ‘लोकेशन’, आणि ‘मूव्ह’ करून डीवरचा फोल्डर दाखवायचा. फाइली तिकडे जातात, नाव तेच राहतं, आणि पुढची भरही डीवर पडते. मात्र थेट डीच दाखवू नका, डीवर आधी एक फोल्डर करा आणि तो दाखवा. नाहीतर अख्खा डी ‘डॉक्युमेंट्स’ होऊन बसतो. मग ‘डिस्क क्लीनअप’मध्ये ‘क्लीनअप सिस्टिम फाइल्स’ दाबायचं. आवृत्ती नुकतीच बदललेली असेल तर मागच्या विंडोजचाच दहा-वीस जीबीचा गाळ तिथे निघतो. संगणक ‘हायबरनेट’ करत नसाल तर तेही बंद करा, रॅमच्या प्रमाणात आणखी काही जीबी सुटतात. एवढ्यावर सीची पट्टी निळी झाली तर पार्टिशनांना हात लावायचं कारण नाही.

झाली नाही, तर डी, ई, एफमधलं सगळं बाहेर काढून वर सांगितल्याप्रमाणे हद्दी मोडणं हाच सरळ मार्ग. डेटा जागेवर ठेवून हद्द सरकवणारे प्रोग्रॅम आहेत. त्यात लिनक्सच्या जगातला ‘जीपार्टेड’ मला सगळ्यात भरवशाचा वाटतो. पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करून तो चालवायचा. त्याआधी विंडोज नीट बंद केलेलं हवं. विंडोज ८ पासूनच्या ‘फास्ट स्टार्टअप’मुळे नेहमीचं शटडाउन पूर्ण शटडाउन नसतं, म्हणून शिफ्टची कळ दाबून धरून बंद करायचं. सीची उजवी हद्द वाढवणं किरकोळ काम. पण ती वाढवण्यासाठी डीची डावी हद्द उजवीकडे न्यावी लागते, म्हणजे डीमधला सगळा डेटा सरकतो. जुन्या डिस्कवर हे काही तास चालतं, आणि मध्येच वीज गेली तर अर्धा डेटा जुन्या जागी, अर्धा नव्या जागी. लॅपटॉपला बॅटरी असते. डेस्कटॉपला तासभर तग धरणारा यूपीएस नसेल आणि तुमच्या भागात वीज लहरी असेल, तर हा खेळ करूच नका.

एखादा ड्राइव्ह आवळायचा झाला तर ‘श्रिंक व्हॉल्यूम’ आहे. ऐंशी जीबी मोकळे असूनही विंडोज पाचच देऊ करतं तेव्हा समजावं की शेवटाकडे कुठेतरी न हलणारी फाइल बसली आहे: पेजफाइल, हायबरनेशनची फाइल किंवा सिस्टिम रिस्टोरच्या प्रती. त्या तात्पुरत्या बंद करून, संगणक पुन्हा सुरू करून बघायचं. जुना डी अजून फॅट-३२ मध्ये असेल तर त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. ‘कन्व्हर्ट’ ही विंडोजची आज्ञा डेटा न पुसता त्याला एनटीएफएस करते. ‘डायनॅमिक डिस्क’ करण्याचा आग्रह विंडोज धरील तेव्हा नको म्हणा.

आणि ‘डिस्कपार्ट’, विंडोजचाच कमांड प्रॉम्प्टमधून चालणारा प्रोग्रॅम. यूट्यूबवरचे व्हिडिओ सर्रास ‘सिलेक्ट डिस्क’ आणि ‘क्लीन’ टाइप करायला सांगतात. ‘क्लीन’ विचारत नाही, बजावत नाही. निवडलेल्या डिस्कचा तक्ताच उडवतं. डिस्क शून्य आणि डिस्क एक यांत गफलत झाली की गेलं. असं झालंच, तर त्या डिस्कवर पुढे एक अक्षरही लिहू नका. फ्रान्सच्या क्रिस्तोफ ग्रेनिए यांचा ‘टेस्टडिस्क’ हा फुकट प्रोग्रॅम डिस्क चाळून जुन्या हद्दी शोधतो आणि तक्ता पुन्हा लिहून देतो.

नकाशात पाचशे जीबीची डिस्क ४६५ च दिसते म्हणून हरवलेले ३५ शोधू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या.

नव्यानं मांडणी करायची झाली तर मी काय करीन? एकच डिस्क असेल तर दोन भाग पुरे: विंडोजला शंभर-सव्वाशे जीबी, बाकी सगळं एक. फिरत्या डिस्कचा सुरुवातीचा भाग तबकडीच्या बाहेरच्या कडेला येतो, तिथे वाचनाचा वेग आतल्यापेक्षा बराच जास्त असतो, म्हणून विंडोज पहिल्या भागात. पण थोडे पैसे घालता येत असतील तर २५० जीबीच्या आसपासची एसएसडी घ्या, विंडोज तिच्यावर टाका आणि जुन्या डिस्कचं एकच पार्टिशन करून ती साठवणीला ठेवा. जुन्या संगणकाला इतका फरक दुसऱ्या कशानं पडत नाही. एक्सपीच्या काळातली पार्टिशनं तशीच्या तशी एसएसडीवर क्लोन मात्र करू नका. एक्सपी पहिलं पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू करायचं. आजच्या डिस्क ४ केबीच्या पटीत लिहितात, आणि ६३ ला आठनं भाग जात नाही, त्यामुळे एक लिहिणं दोनदा घडतं. व्हिस्टापासून सुरुवात १ एमबीवर होते, म्हणून पार्टिशनं नव्यानंच पाडलेली बरी. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्यामुळे ज्यांना विंडोज ११ घेता येत नाही, त्यांनी याच निमित्तानं लिनक्स बसवून बघायला हरकत नाही.

राहिली टाकून द्यायची डिस्क. सिम्सन गारफिंकेल आणि अभी शेलाट या अमेरिकेतल्या दोघा संशोधकांनी २००३ मध्ये एक निबंध छापला. त्यांनी १५८ जुन्या हार्ड डिस्क विकत घेऊन तपासल्या होत्या, आणि त्यांत लोकांचे पाच हजारांहून जास्त क्रेडिट कार्ड क्रमांक, पत्रं आणि वैद्यकीय माहिती सापडली होती. आपल्या डिस्कवर आधारची स्कॅन केलेली प्रत असते, पॅन असतं, बँकेची स्टेटमेंटं असतात. पार्टिशन उडवणं किंवा ‘क्विक फॉरमॅट’ करणं याला पुसणं म्हणत नाहीत. डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडा, सगळ्या जागेचं एकच पार्टिशन करा आणि ‘क्विक फॉरमॅट’ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट द्या, व्हिस्टापासूनचं विंडोज त्यात सबंध पार्टिशनवर शून्यं लिहितं. पाचशे जीबीला दोन-तीन तास लागतील. ते होईपर्यंत डिस्क भंगारवाल्याला देऊ नका.